गल्लीकडचं दार

आमच्या कलकत्त्याच्या घराला दोन दारं होती, आणि त्यांतलं कुठलं वापरायचं हे बाबांनी सामान उतरायच्या आतच ठरवून टाकलं होतं.

साठीचं दशक संपत आलं होतं. बाबांची नागपूरहून बदली झाली होती. ते सरकारी बांधकाम खात्यात होते आणि सरकारी नोकरांच्या वसाहतींचे नकाशे करणं हे त्यांचं काम होतं. गार्डन रीचकडे नदीकाठी एक मोठी वसाहत उभी राहायची होती, त्यासाठी त्यांना बोलावलं होतं. दुसऱ्यांची घरं आखणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र क्वार्टर मिळालं नाही, म्हणून आम्ही बालीगंजमध्ये एका कोपऱ्यावरच्या जुन्या घराचा तळमजला भाड्याने घेतला. वरचा मजला घरमालकाने कुलूप लावून ठेवला होता. गच्ची तेवढी आम्हाला मोकळी होती.

एक दार मोठ्या रस्त्यावर उघडायचं. रस्ता चांगला रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, कंपाउंडच्या भिंती आणि लोखंडी फाटकं. दुसरं दार बाजूच्या गल्लीत उघडायचं. गल्ली इतकी अरुंद की तिच्यात टॅक्सी शिरत नसे. खरं तर आधी इथे नुसती ती गल्लीच होती. शहर सुधारायला निघालेल्या कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून मोठा रस्ता काढला, तेव्हा तिचा अर्धा भाग त्यात गेला आणि अर्धा आमच्या बाजूला उरला. आमच्या घराचं मूळ दारही गल्लीकडचंच. मोठ्या रस्त्याकडचं दार मागाहून भिंत फोडून केलेलं होतं, त्यामुळे त्या दाराने आत आलं की माणूस थेट कोठीच्या खोलीत यायचा. ही गोष्ट नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या आमच्या बाबांच्या कधी लक्षात आली नाही.

बाबांचा रुंद रस्त्यावर फार जीव. हवा, उजेड, मोकळी जागा, घराघरांत अंतर, हे त्यांच्या तोंडचे आवडते शब्द. गल्ली म्हणजे त्यांच्या लेखी दुखणं, ज्यावर एक ना एक दिवस इलाज व्हायचाच. शिवाय ते दिवसही बरे नव्हते. भिंती घोषणांनी रंगलेल्या असत, आणि गल्लीच्या तोंडाशी तरुण पोरांचं टोळकं दिवसभर गप्पा ठोकत बसलेलं असे. बाबांनी गल्लीकडच्या दाराला आतून आडणा घातला आणि नागपूरहून मालगाडीने आलेलं आईचं लोखंडी कपाट त्याला टेकवून उभं केलं. प्रश्न मिटला. आमचा पत्ता मोठ्या रस्त्याचा झाला.

प्रश्न मिटला तो बाबांचा. ते सकाळी बसने गार्डन रीचला जात आणि दिवे लागायच्या सुमाराला परत येत. मी शाळेत जाई आणि पहिल्या वर्षातच बंगाली अशी फडाफडा बोलायला लागले की माझं मराठी ऐकून आई कपाळाला हात लावायची. उरली आई. तिला हिंदी येत होतं. नागपूरच्या बाईला ते यायचंच. तेव्हा भाषेची अडचण होती असं म्हणता येत नाही. अडचण ही होती की बोलायला समोर कुणी येतच नव्हतं.

पहिल्या संक्रांतीला तिने तिळगूळ केला आणि मला बरोबर घेऊन शेजारी निघाली. डावीकडच्या बंगल्यात एक डॉक्टर राहायचे. फाटकावर कुत्रं भुंकलं, नोकर आला, त्याने डबा घेतला आणि आम्हाला तिथेच उभं करून आत गेला. बाहेर येऊन त्याने रिकामा डबा परत दिला आणि सांगितलं की साहेब पेशंटना संध्याकाळी सहानंतर बघतात. उजवीकडे एका कंपनीच्या अधिकाऱ्यांचे फ्लॅट होते, तिथे दरवानाने कुणाकडे जायचं म्हणून विचारलं. आईला नाव सांगता येईना. ज्याच्याशी ओळख करून घ्यायची त्याचं नाव आधीच माहीत असायला हवं, असा तो कारभार होता. उरलेला तिळगूळ आम्ही दोघींनी घरी येऊन खाल्ला. समोरच्या घरी ती गेलीच नाही. रस्त्यापलीकडे गॅलरीत एक बाई उभी राहायची, पण ती हसते आहे की उन्हाने डोळे बारीक करते आहे, हे इतक्या लांबून ओळखणं कठीण होतं.

आणि कपाटामागे सगळी दुपार बायका हसत असायच्या. दाराच्या फटींतून त्यांचे आवाज, भांड्यांचे आवाज, मासेवाल्याशी चाललेली घासाघीस, सगळं खोलीत यायचं. आई दुपारची त्याच खोलीत पडायची. झोपायची नाही, नुसती पडून ऐकत असायची. मला तिची इतकी दया यायची की शाळेतून आल्यावर मी मुद्दाम काहीतरी आगाऊपणा करायची, म्हणजे निदान ती मला ओरडेल. दुसऱ्या वर्षी तर ती मला ओरडायचीसुद्धा बंद झाली. जेवायला वाढताना काय हवं ते विचारायची, तेवढंच.

तिसऱ्या वर्षी चैत्रात, एका रविवारी, बाबा जेवून पान लावत बसले असताना तिने सांगून टाकलं.

“शाळेला सुट्टी लागली की पोरीला घेऊन मी नागपूरला जाते. तिची शाळा तिकडेच बघीन. तुम्ही बदली मिळेल तेव्हा या.”

बाबांनी वाद घातला नाही. पान तसंच हातात धरून बसले. मग म्हणाले, अर्ज करतो. नागपूरला त्यांची आई होती, धाकटा भाऊ होता, सगळं गणगोत होतं. अर्ज करणं अवघड नव्हतं, पण बदली वर्षाने मिळेल की तीन वर्षांनी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तोवर घर दोन गावांत राहणार. बाबांना साधा चहासुद्धा करता येत नव्हता. ते उपाशी मरतील याची मला खात्रीच वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती अशी की एकदा वेगळी झालेली माणसं पुन्हा एकत्र येणारच नाहीत.

आईलाही ती काळजी असणार, कारण तिने लगेच वाळवणाचा घाट घातला. वर्षभर पुरतील इतके पापड, कुरडया, सांडगे करून ठेवायचे. बाबा खिचडी शिकले की तोंडी लावायला झाले. रेशनचा गहू भिजत पडला. चिकाच्या आंबूस वासाने घर भरून गेलं. वैशाखातल्या एका सकाळी आम्ही दोघींनी गच्चीभर जुनी धोतरं अंथरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि सोऱ्याने कुरडया घातल्या. नागपुरात आई वैशाखात हे सगळं गच्चीवर टाकून खुशाल झोपी जायची. तिथलं ऊन इमानी. सकाळी घातलेलं संध्याकाळी खणखणीत वाळायचं आणि झाडाचं पानही हलायचं नाही. त्याच भरवशावर ती इथेही दुपारी खाली येऊन पडली.

कलकत्त्यात वैशाखातल्या दुपारी कुणी काही गच्चीवर सोडून जात नाही. चारच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ काळं झालं आणि वादळ आलं. दोन वर्षं ही वादळं आम्ही खिडक्या लावून घेऊन पाहिली होती, पण त्या वेळी गच्चीवर आमचं काही नव्हतं. आम्ही जिना चढून वर पोचेपर्यंत विटा होत्या तिथेच होत्या आणि धोतरं उडून कठड्यात अडकली होती. कुरडया, पापड, सांडगे, बाबांचं वर्षभराचं तोंडी लावणं, सगळं उडून गल्लीत पडलं होतं. आई कठड्याला धरून खाली बघत राहिली. पाऊस सुरू झाला तरी हलेना. मग तिला रडू फुटलं. मी तिला अशी हमसून रडताना आधी पाहिली नव्हती.

खाली गल्लीत मात्र धावपळ उडाली होती. दारादारांतून बायका बाहेर आल्या होत्या आणि जे सापडेल ते गोळा करत होत्या, कुणी सुपात, कुणी परातीत, कुणी पदराच्या ओट्यात. कुरडई म्हणजे काय हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नसावं. एका बाईने ती उचलून दोन्ही बाजूंनी निरखली आणि विणकाम समजून झटकली. पावसाचा जोर वाढला तशा त्या आत पळाल्या. आम्हीही भिजून खाली आलो.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. आई मोठ्या रस्त्याकडचं दार उघडायला गेली, तर बाहेर कुणी नाही. पुन्हा थाप पडली तेव्हा आमच्या लक्षात आलं की ती कपाटामागून येते आहे. गल्लीला आमचं ते एकच दार माहीत होतं. मोठ्या रस्त्याकडे आम्हाला आणखी एक दार आहे, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

“रुकिए, रुकिए,” आई कपाटाच्या पाठीला तोंड लावून ओरडली.

आम्ही कपाट ढकललं. ते जागचं हललं नाही. मग ते रिकामं करायला घेतलं. गाद्या, पितळी भांडी, आईच्या लग्नातले शालू, सगळं जमिनीवर आलं. दाराबाहेरून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज बंगालीत सूचना देत होता. काय चाललंय ते दिसत नसतानाही त्या आवाजाला सगळं कळत होतं: आधी एक कोपरा ओढा, मग दुसरा, लादी फुटेल, सांभाळा. मी भाषांतर करत होते आणि आई ओढत होती. अखेर कपाट हललं, आडणा निघाला, आणि दोन वर्षं धूळ खात असलेलं दार कुरकुरत आत आलं. पायरीवर पाच-सहा बायका ओल्या कुरडयांची सुपं घेऊन उभ्या होत्या.

पुढे होत्या त्या गल्लीपलीकडच्या, समोरच्या घरातल्या माशीमा. बंगालीत मावशीला माशी म्हणतात, आणि गल्लीतली सगळी मुलं त्यांना माशीमाच म्हणत. त्यांनी आईला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “बौमा, इतके दिवस आत काय करत होतीस?”

बौमा म्हणजे सूनबाई. ते मला सांगावं लागलं नाही. आई पुन्हा रडायला लागली. बायका तिला ओलांडून आत शिरल्या आणि पंख्याखाली कुरडया पसरायला जागा शोधू लागल्या. जागा नव्हती. तेव्हा एकीने कोपऱ्यातली नकाशांची गुंडाळी सोडून जमिनीवर अंथरली.

बाबा घरी आले तेव्हा गार्डन रीचची संपूर्ण वसाहत, उद्यानासकट, कुरडयांनी झाकलेली होती. खोलीच्या मधोमध कपाट तिरकं उभं होतं आणि सहा अनोळखी बायका चहा पीत बसल्या होत्या. हा चहा आईने केलेला नव्हता, गल्लीतल्या कुणाच्या तरी घरून आला होता.

“कपाट कोणी हलवलं?” बाबांनी विचारलं.

आई म्हणाली, मी. ते वाकून आधी जमिनीवरचा कागद बघायला लागले. नकाशा रद्द झालेला, जुना होता, हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. माशीमांना त्या रेघांचं कुतूहल होतं. बाबांनी आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत, कुरडया बाजूला सारत सारत, सगळं समजावून सांगितलं: ही घरं, हे रस्ते, ही मुलांची बाग. माशीमांनी गल्ली कुठे आहे म्हणून विचारलं. बाबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की गल्ली नाही. यावर माशीमांनी एखाद्याचं आजारपण कळल्यावर म्हणतात तसं हळूच “आहा रे” म्हटलं आणि कप खाली ठेवला.

कपाट पुन्हा दाराला लागलं नाही. आई दुपारी पायरीवर बसायला लागली. बंगाल्यांच्या त्या घरांना दाराबाहेर एकेक ओटा असतो, आणि गल्ली इतकी निरुंद की या ओट्यावरचं बोलणं त्या ओट्यावर आपोआप जातं. निवडायचं, चिरायचं, शिवायचं ते सगळं बाहेर. कुणाकडे जावं लागत नाही, कुणाला बोलवावं लागत नाही. मोठ्या रस्त्यावर शेजाऱ्याला भेटायचं तर फाटक उघडायचं, घंटा वाजवायची, नाव सांगायचं, आणि एवढं सगळं करण्याजोगं काम असावं लागतं. आईकडे काहीच काम नव्हतं. तिला फक्त कुणाचा तरी चेहरा हवा होता. गल्लीत चेहरे आयते समोर असत. आज म्हातारपणी मला असं वाटतं की माणसं माणूसघाणी आहेत की मनमिळाऊ, हे आपण उगाच त्यांच्या स्वभावावर ढकलतो. डॉक्टरांच्या घरची बाईही कदाचित फार चांगली असेल. तिला भेटायची सोयच त्या रस्त्याने ठेवली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या ज्या पोरांना बाबा घाबरायचे, त्यांच्यापैकीच एकाने महिन्याभरात बाबांना बाजारात हटकलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत आणून दिली. बाबा दिवसभर याच गोष्टीवर बोलत होते.

सुट्टी लागली. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, पंधरा दिवसांनी जाऊ, माशीमांचा हात भाजलाय. पंधरा दिवसांनी म्हणाली, आता पावसात कुठे प्रवास करायचा. मग शाळा सुरू झाली आणि मी माझ्याच जुन्या वर्गात जाऊन बसले. नागपूरचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मीही काढत नव्हते, काढलं तर ते खरं होईल अशी भीती वाटायची. हिवाळ्यात आई माशीमांबरोबर त्यांच्या गच्चीवर वड्या घालायला गेली. आपल्या सांडग्यांसारख्याच त्या. पण पहिल्या दोन मोठ्या घालायच्या, त्या नवरा-नवरी, त्यांना शेंदूर लावायचा आणि दुर्वा वाहायच्या. नागपूरला हे कळवायला हवं म्हणून आई किती दिवस हसत होती.

वर्षं गेली. बाबा नकाशे काढत राहिले. त्यांनी काही एकदम मत बदललं नाही. एका नव्या वसाहतीत मात्र त्यांनी स्वयंपाकघरांची दारं समोरासमोर आणून मध्ये एक लहान अंगण ठेवलं. वरून तांबड्या पेन्सिलीने काट मारून नकाशा परत आला. त्यांनी पुन्हा नियमाप्रमाणे अंतर ठेवून दिला.

आणि मग, आम्ही सगळे विसरलो असताना, बदलीचा हुकूम आला. नागपूर. पगारवाढ, आणि राहायला सरकारी बंगला. बाबा त्या दिवशी लवकर घरी आले, येताना मिठाई घेऊन. आई ओट्यावर पालक निवडत होती. तिला आत बोलावून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, पुन्हा घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“मीच मागितली होती,” ती म्हणाली. “आता नको कसं म्हणू?”

 बाबांनी गुंडाळ्यांतून एक नकाशा शोधून काढला आणि टेबलावर पसरला. त्या दर्जाचे बंगले देशभर एकाच साच्याचे असतात, नागपूरचाही तोच, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं.

“हे आपलं दार. हे कंपाउंड. आणि हे शेजारच्यांचं दार.”

आईने एक बोट आपल्या दारावर ठेवलं आणि दुसरं शेजारच्या. मधली जागा बघत राहिली.

“इतकं लांब?”

“मीच ठेवलंय,” बाबा म्हणाले. “हा नकाशा माझा आहे.”

 आईने दोन्ही बोटं उचलली आणि हात पदरात घेतले. बाबांनी नकाशा गुंडाळला, हुकूम खिशात घातला आणि म्हणाले, उद्या नको म्हणून लिहून देतो. मागून मिळालेली बदली नाकारणाऱ्याला पुन्हा बदली मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं, आईला माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मिठाईचा पुडा उघडला.

पुडा घेऊन मी गल्लीत पळाले तेव्हा बाबा ओट्यावर येऊन बसले होते. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. नागपुरात त्यांची आई होती, आता पार थकलेली. नागपूर माझ्या आईपेक्षा बाबांनाच जास्त हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. समोरच्या ओट्यावरून माशीमांनी त्यांना पाहिलं. काही न विचारता त्या उठल्या, गल्ली ओलांडून आल्या आणि आईचा अर्धा निवडलेला पालक पुढे ओढून बाबांच्या शेजारी बसल्या.